कुरोकावाचा लाकडी बिल्ला की कुसात्सूचं आंबट पाणी?

निकाल आधीच सांगून टाकतो. आई-वडील, लेकी-सुना, पोरंबाळं असा गोतावळा घेऊन जपानला जाणार असाल, तर उघड्यावरच्या गरम पाण्यासाठी कुरोकावा. दोघंच असाल, मुक्काम टोकियोत असेल आणि पाण्याचंच वेड असेल, तर कुसात्सु. हाकोने, किनोसाकी आणि न्युतो या गरम पाण्याच्या आणखी तीन ठिकाणांची दखल शेवटी थोडक्यात आहे, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं थोडक्यातच आहे.

गरम पाण्याचे झरे आपल्याला नवे नाहीत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, चोपड्याजवळचं उनपदेव, किनवटकडचं उनकेश्वर ही नावं घरोघरी माहीत असतात, आणि कोकणात तर अशा झऱ्याला ‘उन्हाळं’ असा खास शब्दच आहे. जपानमध्ये अशा पाण्याला ‘ओन्सेन’ म्हणतात आणि त्याची कायद्यात व्याख्या आहे. १९४८च्या ओन्सेन कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सियस असावं लागतं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असावा लागतो. म्हणजे थंड खनिजपाणीसुद्धा कायद्याने ओन्सेन ठरतं आणि तापवून दिलं जातं. हे पाणी आकाशाखालच्या दगडी किंवा लाकडी हौदात सोडलं की झालं ‘रोतेनबुरो’.

इथेच पहिली फसगत होते. फोटोत बर्फ, वाफ, कंदील सगळं असतं. हौदातलं पाणी ताजं आहे की गाळून-फिरवून पुन्हा तेच, हे मात्र फोटोत दिसत नाही. २००४ साली नागानो प्रांतातल्या शिराहोने गावात काही ठिकाणी पाणी दुधाळ दिसावं म्हणून स्नानाची पावडर मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ उडाला. पुढच्या वर्षीपासून पाण्यात साधं पाणी मिसळलंय का, ते तापवलंय का, फिरवून वापरलंय का, जंतुनाशक घातलंय का, हे लावून सांगणं बंधनकारक झालं. पाण्याच्या तपासणीचा तक्ताही तिथेच लावलेला असतो. पण तो बहुधा कपडे बदलायच्या खोलीत असतो आणि तिथे मोबाइल काढणं म्हणजे मोठा अपराध. म्हणून आरक्षणाआधीच त्या जागेच्या संकेतस्थळावर ‘गेन्सेन काकेनागाशी’ हे शब्द शोधा. अर्थ असा, की उगमाचं पाणी सतत आत येतं, काठावरून वाहून जातं आणि परत वापरलं जात नाही. हे शब्द नसतील तर जागा वाईट असं नाही, पण मग चढा दर कशाचा, हे विचारायला हरकत नाही.

कुरोकावा: दीड हजार येनचा बिल्ला

कुरोकावा हे क्युशू बेटावर, आसो ज्वालामुखीच्या उत्तरेला, नदीच्या घळीत वसलेलं गाव. तीसेक र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी निवास, एवढाच त्याचा पसारा. इथली सेवा म्हणजे ‘न्युतो तेगाता’ हा गोल लाकडी बिल्ला (न्युतो या ठिकाणाशी या नावाचा संबंध नाही). स्थानिक ओगुनी देवदाराच्या लाकडाची चकती, दोरीने गळ्यात अडकवायची. किंमत साधारण दीड हजार येन, म्हणजे साडेआठशे-नऊशे रुपये. त्यावर तीन शिक्के असतात, आणि प्रत्येक शिक्क्यावर गावातल्या एका र्योकानच्या रोतेनबुरोत जाता येतं. तिसरा शिक्का स्नानाऐवजी ठरावीक दुकानांत खाण्यासाठी किंवा वस्तूसाठीही चालतो. मुदत सहा महिने. बिल्ला गावातल्या ‘काझे नो या’ या माहिती केंद्रात आणि र्योकानांमध्येही मिळतो.

ही योजना १९८६ची, आणि तिच्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. गावातल्या दोन र्योकानांकडे बाहेरचा हौद बांधायला जागाच नव्हती. त्यांना वगळून बाकीच्यांनी धंदा करायचा की सगळ्यांचे हौद सगळ्यांच्या पाहुण्यांना उघडे करायचे? गावाने दुसरा मार्ग धरला. जोडीने रस्त्यावरच्या जाहिरातींच्या पाट्या उतरवल्या आणि स्थानिक झाडं लावली. आज ‘अस्सल रान’ वाटणारी हिरवळ बऱ्याच अंशी लावलेली आहे. पाहुण्याला याचा थेट फायदा होतो. स्वस्त र्योकानमध्ये उतरूनही महागड्या र्योकानच्या हौदात बसता येतं, त्यामुळे खोलीवर पैसा ओतायची गरज उरत नाही.

तीन शिक्के कसे वापरायचे? गावाच्या मधोमध असलेल्या शिनमेइकानमध्ये गुहेतला हौद आहे. मालकाने छिन्नी-हातोड्याने स्वतः खडक फोडून तो केला. गुहेतला एक हौद स्त्री-पुरुषांचा एकत्र आहे आणि एक फक्त बायकांचा. गुहेत वाफ कोंडते, म्हणून रक्तदाबवाल्यांनी तिथे जास्त रेंगाळू नये. दुसरा शिक्का नदीकाठच्या यामामिझुकीसाठी ठेवावा. ते मध्यापासून दूर आहे, चालत जायचा हट्ट धरला तर परतीला घामाघूम व्हाल. गाडीची वेळ माहिती केंद्रात विचारून घ्या. तिसरा शिक्का मुक्कामाच्या जवळपास कुठेतरी, रात्रीसाठी. बाहेरच्यांसाठी हौद साधारण सकाळी साडेआठ ते रात्री नऊपर्यंत उघडे असतात, पण रोज कुठलं ना कुठलं र्योकान सफाईसाठी बंद असतं. कोण बंद आहे ते माहिती केंद्रात कळतं. न विचारता चढण चढून गेलात आणि दाराला पाटी दिसली, तर दोष बिल्ल्याचा नाही.

तक्रारी दोन. बिल्ल्यात टॉवेल मिळत नाही. आणि काही ठिकाणी बाहेरच्या हौदाशी साबण लावून अंघोळ करायची सोय नसते, तिथे नुसतं अंगावर पाणी घेऊन उतरावं लागतं. घामेजलेल्या प्रवासानंतर ते आपल्याला पटत नाही, म्हणून पहिला शिक्का मुक्कामाच्या र्योकानमध्ये नीट अंघोळ करून झाल्यावरच वापरा. दिवसात तीनपेक्षा जास्त हौद करू नका. ‘पैसे वसूल’ म्हणून चार-पाच ठिकाणी बुडालं की संध्याकाळी डोकं जड, मळमळ, हातापायांत गळाल्यासारखं होतं. जपानीत त्याला ‘युआतारी’ म्हणतात, म्हणजे पाणी बाधणं.

पोचायचं कसं, ही कुरोकावाची खरी उणीव. रेल्वे नाही. फुकुओकाहून बसने अडीच-तीन तास, कुमामोतोहूनही साधारण तेवढेच. दिवसात गाड्या मोजक्या आणि आसन आधी आरक्षित करावं लागतं. टोकियोहून फुकुओका किंवा कुमामोतोपर्यंत दोनेक तासांचं विमान घ्यावं. संध्याकाळची शेवटची बस चुकली तर टॅक्सीचं भाडं ऐकून गरम पाण्याची गरजच उरणार नाही.

कुसात्सु: तीन तिकिटं, एक आम्ल

कुसात्सु गुन्मा प्रांतात, साधारण १२०० मीटर उंचीवर. गावाच्या मधोमध युबाताके नावाचं ‘पाण्याचं शेत’ आहे. लाकडी पन्हळींच्या रांगांमधून वाफाळतं पाणी वाहवतात, ते निवतं आणि तळाशी गंधकाची फुलं साचतात. ती खरवडून विकतात. गावातल्या सगळ्या उगमांचं मिळून मिनिटाला ३२ हजार लिटरांहून जास्त पाणी निसर्गतः वर येतं. त्यामुळे इथे पाणी फिरवून वापरायची वेळच येत नाही.

हे पाणी आंबट आहे. पीएच साधारण २, म्हणजे लिंबाच्या रसाच्या आसपास. जंतू त्यात टिकत नाहीत, म्हणून त्वचेच्या तक्रारींसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या येतात. हेच पाणी खालच्या नदीत गेलं की लोखंड आणि सिमेंटही खातं, म्हणून १९६४ पासून नदीत चुन्याचं पाणी सोडून त्याचा आंबटपणा मारतात. यावरून आपल्या अंगाला काय लागतंय याचा अंदाज यावा. त्या दिवशी दाढी केली असेल, पायांचं वॅक्सिंग झालं असेल, कुठे खरचटलं असेल, तर झोंबतं. पाण्यात तोंड धुवायचं नाही, डोळ्यांना ओला हात लावायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स खोलीवर ठेवा. एरवी ओन्सेनमधून बाहेर आल्यावर अंगावर साधं पाणी घेऊ नये म्हणतात, खनिजं अंगावर राहावीत म्हणून. कुसात्सूत मात्र नाजूक त्वचेच्या माणसाने साध्या पाण्याने अंग धुऊनच निघावं.

रोतेनबुरो म्हणून इथे साइनोकावारा. उद्यानाच्या टोकाला, युबाताकेपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. पुरुष-बायकांचे वेगळे भाग मिळून सुमारे ५०० चौरस मीटरचा पसारा आहे. एवढा मोठा उघडा हौद दुसरीकडे सहज सापडत नाही. फाटक ओलांडलं की कपड्यांची खोली आणि लगेच हौद. साबण-शाम्पूची सोय नाही, म्हणून इथेही अंघोळ आधी खोलीवर उरकून या. पाणी जिथून आत पडतं तिथे चटका बसतो, जसजसे दूर जाल तसतसं निवतं. नवख्याने लांबच्या टोकाने उतरावं. गर्दी उलट करते, सगळे पाणी पडतं तिथेच जमतात.

तीन जागांचं एकत्रित तिकीट मिळतं, त्याचं नाव ‘चोइना सान्तो मेगुरी’. साइनोकावारा, ओताकिनोयु आणि गोझानोयु. सुटी तिकिटं घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आमच्या मते यातलं ओताकिनोयु सगळ्यात उपयोगी आहे. तिथे ‘आवासेयु’ नावाचे एकापेक्षा एक गरम पाण्याचे हौद ओळीने आहेत, कोमटापासून सुरुवात करून अंगाला सवय लावत पुढे सरकायचं. पहिल्या दिवशी ओताकिनोयु, दुसऱ्या दिवशी सकाळी साइनोकावारा, हा क्रम धरा. गोझानोयुत उघडा हौदच नाही. लाकडी इमारतीची हौस असेल तरच जा. शिराहाता, चियो आणि जिझो ही तीन छोटी सार्वजनिक स्नानगृहं पाहुण्यांना फुकट खुली आहेत, पण तिथलं पाणी इतकं कडक की पाय बुडवताच माणूस मागे येतो. फुकट आहे म्हणून वडिलधाऱ्यांना तिथे नेऊ नका.

नेत्सुनोयु नावाच्या इमारतीत लांब फळ्यांनी पाणी घुसळून निववण्याचा खेळ दाखवतात, त्याला ‘युमोमी’ म्हणतात. पाहायला मजा येते. थंड पाणी मिसळलं तर खनिजं पातळ होतात, म्हणून ही खटपट.

टोकियोच्या उएनो स्थानकातून थेट गाडीने नागानोहारा-कुसात्सुगुची, साधारण अडीच तास. पुढे बसने २५ मिनिटं. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास, या एका सहलीसाठी घेऊ नका. २०२३च्या ऑक्टोबरपासून तो ५० हजार येन झालाय, आणि टोकियो-कुसात्सु जाऊन-येऊन तेवढे कधीच होत नाहीत. टोकियोतल्या शिंजुकूहून थेट बसही आहे. वेळ जास्त लागतो, पण सामान घेऊन गाड्या बदलाव्या लागत नाहीत.

४२ अंश

सोलापूरच्या माणसाला ४२ अंश म्हटलं की मे महिन्याची दुपार आठवते, आणि ‘त्यात काय’ असं वाटतं. हौदातले ४२ अंश निराळे. कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थंड राहतं. पाण्यात घाम उडत नाही, शिवाय पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता अंगात ढकलतं. म्हणून सुरुवातीला पाच मिनिटं, फार तर दहा. मग काठावर बसा, अंग निवू द्या, पुन्हा उतरा. उघड्यावर डोकं गार आणि अंग गरम राहतं, त्यामुळे आतल्या हौदापेक्षा इथे जास्त वेळ बसवतं. तीच यातली गंमत आणि तोच धोका.

चक्कर सगळ्यात जास्त येते ती उठताना. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात, अंगावरचा पाण्याचा दाबही एकदम जातो आणि रक्त पायांकडे उतरतं. आधी काठावर बसावं, मग काठाला धरून उभं राहावं. हिवाळ्यात काठावर बर्फ गोठतो, तिथे घसरून पडणारे कमी नाहीत. जेवणानंतर तासभर आणि दारू घेतल्यावर अजिबात उतरू नये. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही छातीपर्यंतच पाणी. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर पाण्याचा चटका कळत नाही, आधी हाताने पाहा. जपान सरकारने २०१४ साली गरोदरपण निषिद्धांच्या यादीतून काढलं, तरी ओल्या दगडांवरून चालायचं आहे हे लक्षात असू द्या.

आधी अंघोळ, मग पाणी

चंद्रभागेत लुगड्या-धोतरासकट बुडी मारणाऱ्या माणसाला इथे दोन गोष्टी उलट वाटतात. अंगावर काहीही नसावं लागतं, आणि हौद अंग धुवायला नसतो. क्रम असा. दारात चपला-बूट काढायचे. निळा पडदा पुरुषांचा आणि लाल बायकांचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी हौद रोज किंवा सकाळ-संध्याकाळ अदलाबदल करतात, म्हणून काल गेलो त्याच दारातून आज शिरायचं नाही, पडदा पाहायचा. कपडे टोपलीत किंवा खणात. लहान टॉवेल तेवढा बरोबर. आत बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग चोळून स्वच्छ धुवायचं, उभ्याने नाही, शेजाऱ्यावर पाणी उडतं. केस वर बांधायचे. मग हौदातलं दोन-चार तांबे पाणी पायांपासून वर असं अंगावर घ्यायचं, म्हणजे अंगाला आच कळते. मग हळूच उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पोहणं, बुडी, आरडाओरडा नाही. परत कपड्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी अंग टिपून घ्यायचं. ओली पावलं उमटवणाऱ्याकडे सगळे वळून बघतात.

सात वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाला आईबरोबर किंवा मुलीला बाबांबरोबर नेता येत नाही, असा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. नातवंडांची वाटणी आधीच ठरवून घ्या.

हे सगळं ऐकून घरात ‘आम्ही नाही बाई’ हे येणारच. त्यावर उपाय आहे ‘काशिकिरी’, म्हणजे घरच्यांपुरता राखीव हौद. ४५ ते ६० मिनिटांचा, कुठे फुकट तर कुठे काही हजार येन. बऱ्याच र्योकानांत तो आल्याआल्या नोंदवावा लागतो, आणि रात्री आठ-नऊची वेळ सगळ्यात आधी जाते. आरक्षण करतानाच विचारा. सासू-सुना, बाप-लेक एकाच हौदात बसतील का, हा प्रश्न प्रत्येक घराने आपला सोडवावा, पण पर्याय हातात असला की भांडण होत नाही.

गोंदण आणि जोडवी

आपल्याकडे कुणी सांगत नाही अशा या दोन गोष्टी. जपानमध्ये अंगावरचा टॅटू म्हणजे गुंडटोळ्यांची खूण, अशी जुनी समजूत आहे, म्हणून अनेक स्नानगृहं तो चालू देत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या साठीपुढच्या कितीतरी बायकांच्या हातावर तुळशीवृंदावन आणि हनुवटीवर ठिपके गोंदलेले असतात. आजीला कुणी गुंड समजणार नाही हे खरं, पण दारावरच्या माणसाला नियम पाळायचा असतो. हातावरचं लहान गोंदण त्वचेच्या रंगाच्या पट्टीने झाकलं की बऱ्याच ठिकाणी चालतं, चेहऱ्यावरच्यासाठी आधी ईमेलने फोटो पाठवून विचारावं. किनोसाकीची सार्वजनिक स्नानगृहं टॅटूला हरकत घेत नाहीत. राखीव हौदात तर प्रश्नच नाही. लग्नकार्यानंतर लगेच निघालात तर हाताची मेंदीही टॅटू वाटू शकते.

जोडवी, पैंजण, करदोटा हे सगळं चांदीचं, आणि गंधकाच्या पाण्यात चांदी मिनिटांत काळी पडते. सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असल्याने मंगळसूत्राची चमकही जाऊ शकते. कुसात्सूत गंधक आहे, न्युतोत आहे, कुरोकावात ठिकाणागणिक फरक. जोडवी काढायला मन होत नसेल तर बिनगंधकाचं पाणी असलेलं र्योकान निवडा, तक्त्यात ते कळतं.

टॉवेल

सोलापूरचा टेरी टॉवेल जगात भारी असेल, पण इथे तो हरतो. जाड टॉवेल डोक्यावर राहत नाही, पाणी धरून ठेवतो आणि दमट डोंगरात रात्रभर वाळत नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत ओला गोळा घेऊन फिरायचं कुणी? ओन्सेनचा टॉवेल असतो साधारण ३४ बाय ८५ सेंटिमीटरचा, पातळ. त्या जागी आपला सुती पंचा अर्धा कापून घेतला तर उत्तम. पिळला की अंग पुसायला तयार होतो आणि खोलीत दोन तासांत वाळतो. माणशी दोन पुरतात. अंग कोरडं करायला मोठा टॉवेल मुक्कामाच्या र्योकानमध्ये बहुधा मिळतो. युकाता, म्हणजे सुती जपानी झगा, घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटं नेसवतात ते फक्त मृताला.

जेवण

शाकाहाऱ्यांची परीक्षा इथे आहे. र्योकानचं रात्रीचं जेवण फार देखणं असतं, पण सूप, शिजवलेली भाजी, अंड्याचं कस्टर्ड, सगळ्यात ‘दाशी’ हा माशाचा अर्क असतो. ‘मासा नको’ एवढं सांगून भागत नाही, तुकडा काढून तेच सूप पुढे येतं. ‘दाशीसुद्धा नको’ असं आरक्षणाच्या वेळीच लिहून विचारा आणि होकार लेखी घ्या. तसा होकार मिळाला नाही तर जेवणाशिवायचा ‘सुदोमारी’ दर घ्या, तो बराच स्वस्त असतो. कुरोकावात संध्याकाळी उघडी हॉटेलं मोजकीच आणि लवकर मिटणारी, कुसात्सूत थोडी सुबत्ता. त्यामुळे बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असलीच पाहिजे. तिथल्या दुकानात बिनसाखरेचं दही सहज मिळतं, तिन्हीचं जेवण होतं. ते खोलीत खावं, र्योकानच्या जेवणघरात डबा उघडू नये. ताजी फळं, भाज्या, पानं प्रमाणपत्राशिवाय आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेता येत नाहीत, म्हणून कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. कुसात्सूच्या रस्त्यावर ओन्सेन मंजू हा वाफवलेला गोड पदार्थ चाखायला देतात. आत अझुकी नावाच्या कडधान्याचं गोड सारण, पुरणाचा लांबचा भाऊ.

सोलापुरातून आखणी

र्योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो. ही चूक हमखास होते. माणशी २० हजार येन, दोघं, दोन रात्री, म्हणजे ८० हजार येन, साधारण ४५ हजार रुपये. पत्रकावर २० हजार पाहून खूश झालेला माणूस इथे दचकतो. खोली दुपारी तीननंतर मिळते, जेवण सहा-साडेसहाला. सातनंतर पोचलात तर पैसे भरलेलं जेवण गेलं.

तारखा सोलापूरच्या सुट्ट्यांशी जुळवताना सांभाळा. शाळेची उन्हाळी सुट्टी सुरू होते आणि २९ एप्रिल ते ५ मे जपानमध्ये गोल्डन वीक, म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा, असतो. दर चढे, गाड्या भरलेल्या. ७ मेनंतर निघा. दिवाळीची सुट्टी उत्तम, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर पानं लाल होतात. बर्फ हवा असेल तर गड्ड्याची यात्रा आटोपली की निघावं, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. शनिवारची रात्र टाळली तरी दरात फरक पडतो.

टोकियोला दिल्लीहून थेट विमानं आहेत. मुंबई किंवा हैदराबादहून सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग अशी जोडविमानंही मिळतात. हैदराबाद सोलापूरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, हे मुंबईच्या मोहात विसरलं जातं. मुंबईला जाणारच असाल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घ्या, पण उशीर गृहीत धरून विमान संध्याकाळचं ठेवा. भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून. विमानतळावर तो इंटरनेटवर उघडून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. उतरताच मोबाइल डेटा सुरू असायला हवा.

मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने र्योकानवर पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. बर्फातून चाकाची बॅग ओढणं म्हणजे नांगर ओढणं.

टूर कंपन्यांच्या पत्रकात ‘ओन्सेन अनुभव’ लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: हौद उघडा आहे की इमारतीतला? पाणी काकेनागाशी आहे का? आणि हॉटेलवर किती वाजता पोचणार? रात्री नऊला पोचून सकाळी सातला निघायचं असेल तर तो अनुभव बसमधूनच घ्यावा.

उरलेली तीन

हाकोने टोकियोपासून सगळ्यात सोपं, शिंजुकूहून रोमान्सकार या रेल्वेगाडीने दीड तासाच्या आत. गर्दी तेवढीच. एक दिवस असेल तरच जा. किनोसाकी क्योतो-ओसाकाहून अडीच-तीन तासांवर. युकाता घालून, लाकडी खडावा टकटक वाजवत एका सार्वजनिक स्नानगृहातून दुसऱ्यात जायचं, मुक्कामाच्या पाहुण्यांना ती फुकट. पण बहुतेक हौद आतले. उघड्यावरचं हवं तर गोशोनोयु. न्युतो अकिता प्रांतात, सात र्योकानांचा समूह, त्यातल्या त्सुरुनोयुचं दुधाळ पाणी आणि त्याभोवतीचा बर्फ पाहून माणूस वेडा होतो. तिथला मुख्य हौद स्त्री-पुरुषांचा एकत्र, बायकांसाठी वेगळा उघडा हौदही आहे. खोल्या कित्येक महिने आधी भरतात. न्युतोसाठी ताझावाको स्थानकापर्यंत शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे बस. बर्फात ती बस उशिरा धावते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री टोकियोतच असा.

आणि सांगूनही चांदी काळी झालीच, तर घासू नका, घासल्याने नक्षी जाते. वाटीत अॅल्युमिनियमचा कागद चकचकीत बाजू वर करून पसरा, वर जोडवी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. काळेपणातलं गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, पाच-दहा मिनिटांत चांदी उजळते. खडे बसवलेले दागिने मात्र या वाटीत घालू नका.